अकरा वीसचा निरोप

भागवत अवचार सर एनसीसीच्या मुलांना नेतृत्व शिकवायचे, आणि त्यासाठी ते तुकडीतलं सगळ्यात भित्रं पोर शोधून काढायचे. जून-जुलैत नवी भरती झाली की मागच्या रांगेत जो मान खाली घालून उभा असेल, तोच पहिल्या आठवड्याचा सेक्शन कमांडर. आम्ही बाकीचे शिक्षक हसायचो. सर म्हणायचे, "जो आधीच पुढे पुढे करते, त्याले मी काय शिकवू?"

आमची शाळा मानोऱ्याहून चार-पाच किलोमीटरवर. अर्धी मुलं आजूबाजूच्या तांड्यांवरची, अर्धी गावातल्या शेतकऱ्यांची. मी मराठी शिकवते, सर इतिहास आणि पीटी. एकोणीस वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. ते मूळचे केनवडचे. त्यांना सैन्यात जायचं होतं. तीनदा भरतीला गेले आणि तिन्ही वेळा छाती अर्धा इंच कमी भरली. मग बीपीएड करून शिक्षक झाले. शाळेला एनसीसी मिळाली तेव्हा वयाच्या चाळिशीत कामठीला जाऊन प्रशिक्षण घेऊन आले. खाकी वर्दी घालून पहिल्यांदा शाळेत आले त्या दिवशी शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना पेढा दिला आणि मग मुतारीशेजारच्या नळावर जाऊन डोळे धुतले. मी ते पाहिलं होतं.

शनिवारी कवायत संपली की लिंबाखाली त्यांचा नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा तास असायचा. परीक्षेपुरते नेत्याचे गुण लिहून द्यायचे, पण खरा तास कामाचा. आज दोनशे मुलांची खिचडीची रांग तू चालव. या आठवड्यात टाकीचं पाणी शनिवारपर्यंत पुरव. काम बिघडलं की त्या पोराने सगळ्यांसमोर उभं राहून काय चुकलं ते सांगायचं, आणि दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायचं नाही. एक गोष्ट ते दरवर्षी सांगायचे. खिडकीतून मला ऐकू यायची.

"ज्याले तुमी ड्यूटीवर उभं केलं, त्याले तिथून सोडवणं हे तुमचं काम हाय. तो पाणी मागणार नाई, घरी जाऊ का म्हणणार नाई. त्याचं ध्यान तुमी ठेवाचं."

संस्कृती गावंडे आठवीत त्यांच्या हाती लागली. तिचे वडील राजू नाल्याकाठच्या दोन एकरात मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी लावायचे. शाळेच्या खिचडीला भाजी त्यांच्याकडूनच यायची. पोरगी इतकी हळू बोलायची की हजेरीला मी दोनदा नाव घ्यायची. सरांनी तिला मैदानाच्या एका टोकाला उभं केलं, तुकडी दुसऱ्या टोकाला, आणि म्हणाले, "आवाज पोचला त चालतील, नाई त उभ्या राह्यतील." पहिल्या दिवशी तुकडी वीस मिनिटं उन्हात उभी राहिली. दिवाळीपर्यंत तिचं "तेज चल" माझ्या वर्गात ऐकू यायला लागलं.

एकदा राजू भाजीचं गाठोडं घेऊन फाटकाशी थांबून ऐकत होता. मला म्हणाला, "मॅडम, घरी त हे मांजरावानी बोलते. हे आमचीच हाय न?" हसताना त्याचा चेहरा लाल झाला होता.

नववीत ती सार्जंट झाली.

त्या वर्षी रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत आमचे तीस कॅडेट सेवेला गेले. दरवर्षीच जात. उन्हाचा कहर, आणि माणसांनी रस्ते दिसत नव्हते. पाण्याचे स्टॉल, रांगा आणि हरवलेल्या माणसांचा मांडव, अशी कामं सरांनी वाटून दिली. मांडव संस्कृतीकडे दिला. हरवलेलं पोर आलं की त्याला पाणी द्यायचं, नाव-गाव काढायचं, भोंग्यावरून पुकारायचं, आणि न्यायला आलेला माणूस खरंच त्याचाच आहे याची खात्री करून सोडायचं. सकाळपासून तिने अकरा मुलं आणि दोन म्हाताऱ्या आपापल्या माणसांना दिल्या होत्या.

मी घरी होते. सुट्टीचा दिवस. अकराच्या सुमारास राजूचा भाऊ रामधन याचा फोन आला.

"मॅडम, दादाले शेतात चक्कर आली. छातीत दुखून राह्यलं म्हणते. डॉक्टरनं वाशिमले न्याले सांगतलं. तो पोरीचं नाव घेऊन राह्यला. सरचा फोन लागत नाई, तुमी पाहा न."

यात्रेच्या गर्दीत फोन लागणं मुश्कीलच. मी लावत राहिले. आठव्या की नवव्या वेळी सरांनी उचलला. मागून ढोल, भोंगे. मी ओरडून सांगितलं, राजूला वाशिमला नेताहेत, संस्कृतीला ताबडतोब वाशिमला पाठवा, तो तिला बोलावतोय. सर म्हणाले, "आयकलं मॅडम. पाठवतो." मी घड्याळ पाहिलं नव्हतं. अकरा वीस झाले होते हे पुढे सरांनीच मला सांगितलं.

राजू एक पस्तीसला वाशिमच्या दवाखान्यात वारला. संस्कृती पोचली तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते. पोहरादेवीहून वाशिमला मोटरसायकलवर दीड तास लागतो. मी मनात धरलं, गर्दीतून गाडी निघाली नसेल.

अंत्यविधीला सर आले होते, सगळ्यात मागे उभे होते. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला नाही. म्हणाले, "मॅडम, मी तिले पावणेएकले सांगतलं."

मला आधी कळलंच नाही.

"तुमचा फोन आला तवा मी मांडवाकडेच जाऊन राह्यलो होतो. तिच्याजवळ चार वर्षाचं एक लेकरू होतं, नाव सांगत नव्हतं, नुसतं रडत होतं. म्हटलं, याचा बाप आला की सांगू. मंग बाप आला, लेकरू गेलं. तवर निरोप आला, बटालियनचे साहेब साडेबाराले पाहणीले येऊन राह्यले. म्हटलं, छातीत त माह्याही दुखते, गॅसचं असन. साहेब मांडव पाहून जाऊ दे. तिच्याबिगर मांडव दुसऱ्या कोणाले जमत नव्हता. साहेब आले. तिनं सॅल्यूट ठोकला. सगळं धडाधड सांगतलं, किती आले, किती गेले. साहेब म्हणाले, शाब्बास. मी म्हटलं, सर, माही सगळ्यात चांगली कॅडेट हाय."

मग मी जे बोलले ते मला आजही बोचतं. मी म्हटलं, "सर, हे कोणाले सांगू नका. गेलेला माणूस काही वापस येत नाई. त्या पोरीले कायले अजून तरास?"

सर म्हणाले, "अकरा वीसले निघाली असती त बापाची भेट झाली असती, मॅडम. पाऊण घंटा भेटला असता."

तेरवी झाल्यावर ते तिच्या घरी गेले. मलाही सोबत नेलं, एकट्याचे पाय उचलत नव्हते. अंगणात मेथीच्या जुड्या तशाच सुकून पडल्या होत्या. संस्कृतीची आई मंजुषा दाराशी बसली होती. तिने सरांसाठी खाट टाकायला सांगितली. सर बसले नाहीत. उभ्यानेच, एखाद्या कॅडेटसारखे हात बाजूला धरून त्यांनी सगळं सांगितलं. कोणाचं नाव घेतलं नाही. गर्दीचं नाही, साहेबांचं नाही, त्या रडणाऱ्या लेकराचंही नाही.

मंजुषा म्हणाली, "ते रस्त्यानं सारखे इचारत होते, पोरगी निघाली काय, पोरगी निघाली काय. मी म्हणे, निघाली, येऊन राह्यली. मले वाटे, खरंच निघाली हाय."

संस्कृती आत चुलीजवळ होती. ती बाहेर आली. आवाज पुन्हा आठवीतल्यासारखा झाला होता.

"सर, साहेब आले अन् मी सॅल्यूट केला. तवा तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"तुमी माह्या खांद्यावर हात ठेवला, तवा?"

"होतं, बेटा."

"मले बेटा नका म्हणू," ती म्हणाली आणि आत गेली.

आम्ही परत निघालो. सरांच्या मोटरसायकलवर मी मागे बसले होते. अर्ध्या वाटेत त्यांनी गाडी थांबवली, उतरले, एका बाभळीला टेकले आणि तोंडावर रुमाल धरून रडले. रस्त्याने जाणारा एक ओळखीचा माणूस थांबला, "काय झालं सर?" मी त्याला हातानेच पुढे जायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात संस्कृतीने मैत्रिणीच्या हाती वर्दी पाठवली. नववी संपली की वर्दी परत द्यायचीच असते. धुऊन, कडक इस्त्री करून, बेल्ट आणि टोपी वर ठेवून. सरांनी ती वही काढून नोंदवून घेतली आणि त्याच दिवशी एनसीसीचा कार्यभार सोडण्याचा अर्ज लिहिला. हेडमास्तर धरमसिंग राठोड सरांनी तो दोनदा परत केला. "तुमच्यावानी दुसरा कोण हाय इथं? एक चूक झाली माणसाच्या हातून." सर म्हणाले, "सर, मी दहा वर्ष पोरायले एकच गोष्ट शिकवली. तेच मले आली नाई." तिसऱ्यांदा अर्ज घेतला गेला. आता नवे तरुण सर कवायत घेतात. चांगली घेतात. शनिवारचा तास मात्र ते पुस्तकातून शिकवतात.

दहावीचं वर्ष दोघांनाही कठीण गेलं असणार. सर तिच्या वर्गाला इतिहास शिकवायचे. ती खिडकीजवळ तिसऱ्या बाकावर. हजेरीला "हजर" म्हणायची, एवढंच. सरांनी तिला वर्षभर एकही प्रश्न विचारला नाही आणि तिने एकदाही हात वर केला नाही. तिचं एनसीसीचं प्रमाणपत्र ऑगस्टमध्ये आलं. ती न्यायला आली नाही. मी एकदा विचारलं, घरी आणून देऊ का? म्हणाली, "राहू द्या मॅडम तिथंच."

निरोप समारंभाला मुलं रांगेने सगळ्या शिक्षकांच्या पाया पडत होती. ती माझ्या पाया पडली, राठोड सरांच्या पडली. भागवत सरांसमोर आली आणि थांबली. मागची रांग खोळंबली. सर्वांचं लक्ष गेलं. सरांनी आपणच एक पाऊल मागे घेतलं, तिला वाट करून दिली. ती पुढे गेली.

सरांनी त्याच उन्हाळ्यात मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि केनवडला गेले. भावासोबत शेती पाहतात. महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतात. पाऊसपाणी, शाळा, राठोड सरांचा गुडघा, सगळं विचारून होतं. मग एक प्रश्न उरतो.

"ते पोरगी कशी हाय?"

मी सांगते ते खरंच असतं. अकरावी-बारावी मानोऱ्याला केली. सकाळी आईबरोबर वाफ्यात असते, बाजाराच्या दिवशी दुकान ती लावते. गेल्या महिन्यात मी तिच्याकडून वांगी घेतली. तराजू धरताना माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "सर कसे हायत?"

मी म्हटलं, "बरे आहेत. तुझं विचारतात नेहमी."

तिने वांगी पिशवीत ओतली, वर सांबाराची एक जुडी टाकली. "त्याहिले सांगू नका मी इचारलं म्हणून," ती म्हणाली.

मी अजून सांगितलेलं नाही. दोनदा त्यांचा फोन येऊन गेला. दोन्ही वेळा ओठांवर आलं होतं. पण ज्या पोरीला तिच्या बापाचा निरोप आम्ही दोघांनी मिळून एवढ्या उशिरा पोचवला, तिने राखून ठेव म्हटलेली गोष्ट मी कशी सांगू? सर विचारतात, "अजून काही म्हणे काय?" मी म्हणते, "नाही सर, घाईत होती." ते "बरं" म्हणतात. मग राठोड सरांच्या गुडघ्याचं पुन्हा एकदा विचारतात.