यमुनामावशींच्या खुडूक कोंबड्या

तीन आठवड्यांपूर्वी पेठ तालुक्यातून फोन आला. "साहेब, आत्याबाई गेल्या," यमुनामावशींची सून सुमन एवढंच म्हणाली. मी पंचवटीत भाजी घेत होतो. हातातली मेथीची जुडी तशीच परत ठेवली आणि घरी आलो...

मावशींची ओळख झाली तेव्हा मी गावोगाव कोंबड्यांच्या योजना पोचवणारा सरकारी माणूस होतो आणि आपल्याला सगळं कळतं, अशी माझी ठाम समजूत होती. त्यांच्या पाड्यावर मी सुधारित जातीचे कोंबडे वाटले आणि गावठी कोंबडे एकूण एक काढायला लावले. त्यांच्यापासून झालेल्या कोंबड्यांची अंडी दुप्पट होतील, असं छातीठोकपणे सांगितलं. झालीही. पण दोन वर्षांनी, जुन्या गावठी कोंबड्या संपल्यावर, मावशींनी मला अंगणात बसवून घेतलं. "अंडी लय, साहेब. पन एक बी कोंबडी खुडूक होत नाय. अंड्यांवर बसंल कोन?" पाड्यावर वीज धड नव्हती, यंत्रानं पिल्लं काढणं दूरच. त्यांच्या कोंबड्यांचा वंश बुडायची वेळ आली होती आणि ती माझ्यामुळे.

ओशाळून मी ज्ञान पाजळलं. सगळ्या कोंबड्या मुळात रानातल्याच. मग कुणी झुंजीसाठी निवडल्या, कुणी मांसासाठी, कुणी नुसत्या पिसाऱ्यासाठी. ज्यांना अंडी हवी होती त्यांनी खुडूक बसणाऱ्या काढून टाकल्या, कारण खुडूक कोंबडी अंडी द्यायची थांबते. अशा देशोदेशी वेगळ्या जाती झाल्या... मावशी शांतपणे म्हणाल्या, "मंग आमी बी निवडतच व्हतो की. घारीच्या अंगावर जाणारी कोंबडी आमी कदी इकली नाय."

माझ्या कागदांवर त्या गावठी कोंबड्यांपुढे 'कोणतीही जात नाही' असं लिहिलेलं होतं.

मावशींनी दोष दिला नाही. कोंबडी वाट्यानं द्यायची, म्हणजे दुसऱ्यानं पाळायची आणि पिल्लं अर्धी अर्धी घ्यायची, ही तिकडची रीत. पूर्वी अशा दिलेल्या कोंबड्यांच्या मागावर त्यांनी डोंगरातले पाडे पायी पालथे घातले. शेवटी बहिणीच्या घरून एक गावठी कोंबडा आणि दोन कोंबड्या आणल्या. त्यांतूनच पुढं सगळं खुराडं पुन्हा भरलं.

गेल्या रविवारी भेटायला गेलो. अंगणात दोन तरणे कोंबडे होते. "एकच ठेवायचा हाय. कोंचा ठेवू, साहेब?" सुमननं विचारलं. एक चांगला भरदार होता. माझं बोट सवयीनं त्याच्याकडे निघालं होतं, ते मी आवरलं. "तूच सांग," म्हणालो.

तिनं मूठभर दाणे फेकले. भरदार कोंबडा त्यांवर तुटून पडला. दुसरा, किडकिडीत, चोचीत दाणा धरून कुटकुट करत कोंबड्यांना बोलवत राहिला; त्या आल्यावर दाणा त्यांच्यापुढे टाकला. "आत्याबाई असंच बगायच्या," सुमन म्हणाली. मावशींची इतकी आठवण आली की मी मान खाली घातली. सुमननं भरदार कोंबडा धरला, पाय बांधले आणि बाजाराच्या पाटीत ठेवला. मला पुन्हा विचारलं नाही.