गालातलं बटण

टेलरमास्तर शर्टाला लावायची बटणं गालात ठेवत. एका गालात बटणं आणि उरलेल्या तोंडाने जगाला अक्कल शिकवणं. बटण हवं झालं की जिभेने ओठांवर आणायचं आणि टाका घालायचा. समोर डबी होती, पण डबी म्हणे नवशिक्यांसाठी. नात त्यांच्या मशीनपाशी बसून तसंच गालात बटण धरी, तेव्हा मास्तर गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत, पोरगी हाडाची कारागीर आहे.

या कारागीर पोरीला वर्षभर सारखा न्यूमोनिया होत होता. त्याची कारणं मास्तरांना तोंडपाठ होती आणि सगळी सुनेपाशी येऊन थांबत. सून खिडकी उघडी टाकते, सून पोरीचे केस नीट पुसत नाही, सुनेच्या माहेरी तर सगळेच खोकतात. शेवटी त्यांनी घरातली खिडकी खिळे ठोकून बंद केली. पोरगी खोकतच राहिली.

नव्या डॉक्टरीणबाईंनी जुने एक्स-रे शेजारी शेजारी लावले. दर वेळी उजव्याच फुप्फुसाचा खालचा भाग. गारठा असा एकच कोपरा धरून बसत नाही, त्या म्हणाल्या. आत काहीतरी अडकलं असेल. प्लास्टिकचं असेल तर फोटोत दिसणारही नाही. पोरीला कधी जोराचा ठसका लागला होता का?

सून नाही म्हणाली. मास्तर छताकडे बघू लागले. ठसका लागला होता, दुकानात, पोरगी निळी पडेपर्यंत. मग आपसूक थांबला. यांनी पाणी पाजलं आणि घरी अवाक्षर काढलं नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही कला त्यांना शिवणाच्याही आधी येत होती. आताही ते गप्पच बसले असते. पण मांडीवरच्या पोरीची पाठ त्यांच्या हाताखाली धपापत होती, आणि त्यांना भीती वाटली, खरीखुरी.

"लागला होता," ते म्हणाले. "माझ्यासमोर."

डॉक्टरीणबाईंनी पोरीला भूल देऊन, दुर्बीण घालून ते काढलं आणि बाटलीत घालून दाखवलं. तपकिरी, चार भोकांचं. ते कोणत्या शर्टाचं, हेसुद्धा मास्तरांनी ओळखलं.

पोरीला घरी सोडलं तेव्हा सुनेने तिला कडेवर घेतलं.

"बाबा," ती म्हणाली, "घरी गेल्यावर खिडकीचे खिळे तेवढे काढा."