चार मोजेपर्यंत गप्प

कॅम्पातल्या थिएटरला सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमे लागत. ऐंशीनंतरच्या कुठल्याशा वर्षी एक विनोदी सिनेमा लागला होता, मोडीत निघालेल्या बँडवाल्यांचा. लोक पडद्यावरच्या आपटाआपटीला पोट धरून हसत होते आणि मी एकटा चिडत होतो, कारण त्या हसण्यात मागचे ट्रम्पेट ऐकू येत नव्हते. मी स्वतः ट्रम्पेट वाजवायचो, आमच्या कंग्राळी गावात, लग्नात वाजवणाऱ्या चुलत्यांच्या बँडमध्ये. तो सिनेमा मी तीनदा पाहिला. शेवटी कॅम्पातल्या एका फौजी दोस्ताने त्यातल्या गाण्यांची कॅसेट भरून दिली आणि घरच्यांचं डोकं उठवायची माझी सोय झाली.

त्या गाण्यांत एवढं काय आहे, ते मला कुणाला पटवता आलं नाही. आमच्या बँडमध्ये गाण्याची चाल सगळे मिळून वाजवत. क्लॅरनेट, ट्रम्पेट, सगळे एकाच चालीला जुंपलेले. श्वास घ्यायचा तोही चोरून. इथे मात्र गाणारा आपली ओळ म्हणून थांबायचा, ट्रम्पेटवाले चार मोजेपर्यंत गप्प, आणि मग दोनच फुंका, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारख्या. गाणारा आपलं रडगाणं सांगतोय आणि हे मागून त्याची टर उडवताहेत असं वाटायचं. दुःखाचं गाणं ऐकून हसू येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आमचे चुलते म्हणजे आप्पा, बँडचे मास्तर, आणि तेही ट्रम्पेटवालेच. त्यांना मी महिनाभर भंडावून सोडलं. कॅसेटमधलं एक गाणं घेऊन ही थांबायची जागा एकदा, एकाच वरातीत, लोकांना ऐकवायची, एवढंच माझं मागणं होतं. अखेर ते कबूल झाले. तालमीत त्यांनी ते अगदी बरोबर वाजवलं. पायाच्या अंगठ्याने मोजत थांबले. मला वाटलं, जिंकलो.

बेळगुंदीची वरात मारुतीच्या देवळापाशी थांबली तेव्हा मी खूण केली. क्लॅरनेटवर पहिली ओळ झाली आणि आप्पा धरून आम्ही तिघे ट्रम्पेटवाले वाद्य तोंडाला लावून गप्प उभे राहिलो. दोन मोजून होतात न होतात तोच नवऱ्याचा मामा धावत आला. सुपारी घेऊन नुसतं उभं राहायला आलाय का, म्हणून विचारू लागला. नाचणारी पोरंही थांबली. मी त्यांना हाताने जरा दम धरा म्हणत होतो. दुसऱ्या ओळीनंतर पुन्हा ती जागा आली, आणि तिच्यात आप्पांनीच जोरात ट्रम्पेट फुंकला. मग तिसऱ्या ओळीनंतर, चौथ्या ओळीनंतर. सगळ्या फटी बुजवून टाकल्या. पोरं नाचायला लागली, मामा खूश. माझा मात्र तिळपापड झाला.

परतताना टेम्पोत मी आप्पांवर तोंड सोडलं. महिनाभराची मेहनत पाण्यात घातली, त्या मामाला भ्यालात, असं वाटेल ते बोललो. ते ट्रम्पेटमधलं पाणी झटकत होते.

"मामाला कोण भितंय रं," ते म्हणाले. "आमचा बा जल्मभर पाटलाच्या दारात गप हुबा ऱ्हायला. मला लोकांम्होरं वाजवाय मिळतंय. म्या न्हाय गप हुबा ऱ्हाणार."

त्यांचा बा म्हणजे माझा आजा. दारात उभं राहायची ती गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही. पण ती अशी मधेच येऊन माझ्या गाण्यात पाय घालील असं वाटलं नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला. ते गाणं आमच्या बँडने पुन्हा वाजवलं नाही.

आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. कॅसेट अजून आहे, कधीतरी लावतो. गाणारा ओळ संपवतो, ट्रम्पेटवाले थांबतात, मी अंगठ्याने मोजायला लागतो, आणि दोनवरच मला आप्पांचा ट्रम्पेट ऐकू येतो. चारपर्यंत मी काही पोचत नाही.