अठ्ठावीस सूचना

"आईचा कौल धरायचाच कशाला? ती काय तज्ज्ञ लागून गेली?" नवरा तणतणत होता.

"तज्ज्ञ नाहीत म्हणूनच तर त्यांना उत्तरं निवडायला बसवलं," चौकशीबाई म्हणाल्या.

रुग्णालयाच्या चौकशी खिडकीत एकोणीस वर्षं काढल्याने त्यांना हेच नाव पडलं होतं. आता लोक मोबाईलवरून विचारत आणि एआय सहायक उत्तरं देई. त्याला वळण लागावं म्हणून बाईंनी जीव ओतून अठ्ठावीस सूचना लिहिल्या होत्या. आधी धीर द्या. समोरचा घाबरलेला असतो हे विसरू नका. साहेब खूश झाले. सूचनांचा गुण आला, तर विभागप्रमुखाची खुर्ची बाईंना मिळणार होती. अहवाल सोमवारी द्यायचा होता.

गुण आला की नाही, हे बाईंना नुसत्या अंदाजाने ठरवायचं नव्हतं. त्यांनी सहायकाला वीस प्रश्न दोनदा विचारले, एकदा सूचना देऊन, एकदा न देता. उत्तरं छापून, मागे बारीक खूण करून शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जोड्या मांडल्या. प्रत्येक जोडीतलं बरं वाटेल ते उत्तर सासूबाईंनी उचलायचं होतं; खुणेचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. वीसपैकी चौदा वेळा त्यांनी सूचनांशिवाय आलेलं उत्तर उचललं.

"अरे, एक्स-रे कुठे काढतात एवढंच विचारलंय," सासूबाई मुलाला म्हणाल्या, "आणि हे मेलं पाच ओळी नुसतं गोंजारतंय! तोवर मोडलेलं हाड जुळून यायचं. कुणी शिकवलं याला?"

"मी," बाई म्हणाल्या.

सासूबाईंनी चष्मा काढला. "तसं प्रेमळ आहे हो," त्या पुटपुटल्या.

नवऱ्याचा आवाज खाली आला. "हे बघ, उरलेले सहा प्रश्न दाखव साहेबांना. खोटं कुठे आहे त्यात? खिडकीत बसून मान आखडली तुझी. एकदा तरी स्वतःचं बघ."

ते खरंच होतं. मान आत्ताही ठणकत होती. बाईंनी त्या सहा चिठ्ठ्या हातात घेतल्या. छातीत दुखणं, बाळाचा चढलेला ताप, सगळी घाईची प्रकरणं. तिथे सहायकाने पहिल्याच ओळीत रुग्णवाहिकेचा नंबर दिला होता. अठ्ठावीसपैकी दोनच सूचना घाईच्या प्रसंगांसाठी होत्या; हे त्यांचंच काम.

मग एक्स-रेची चिठ्ठी पुन्हा वाचली. खिडकीत त्या स्वतः काय म्हणायच्या? "डावीकडे, दुसरं दार." आणि मान वर करून माणसाकडे बघायच्या. ते बघणं त्यांनी पाच ओळींत कोंबायचा प्रयत्न केला होता.

त्यांनी चिठ्ठ्या गोळा केल्या.

"उद्या सव्वीस सूचना काढून, दोनच ठेवून, नवे वीस प्रश्न विचारणार आहे. आई, तुम्ही दहाला बसायचं. जे निघेल ते, आजच्या चौदासकट, सोमवारी साहेबांना देणार."