पाठीचा चुना

आमच्या खडकावरचं प्रार्थनाघर समुद्राकडे पाठ करून बसलेलं. बांधताना होडीवाल्यांना दार समुद्राकडे हवं होतं. गवंड्याने वाऱ्याला भिऊन ते गावाकडे काढलं. तुंबळ भांडणं झाली. शेवटी, निदान पाठ तरी उजळ दिसू दे म्हणून मागच्या भिंतीला चुना फासला आणि त्या चुकीचं सोनं झालं. दूर पाण्यातून ती पांढरी भिंत दिसे. किनाऱ्याजवळचा काळा सुळका भिंतीच्या मधोमध आला, की होडी नाकासमोर सरळ आत घालायची. खडक लागत नसे.

ती पाठ चुनेवाली रंगवायची. शिडीवरून पडून नवरा गेला, तेव्हा बादली तिने उचलली. पुढची बाजू शेवाळलेली, मागची लखलखीत. पाहुणे हसत, "तोंड न धुता पाठच घासलीय की!"

ती म्हणे, "तोंड बघणारे पायी येतात. ते बुडत नाहीत."

पुढे होड्यांवर वाट दाखवणारी यंत्रं आली. भिंतीकडे बघणारा एकटा तिचा दीर उरला. यंत्रावरची बारीक अक्षरं त्याच्या अधू डोळ्यांना लागत नव्हती. घरात माणसं ही दोघंच.

यंदा खडकाची कड सुटली. भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. फादर घरी आले.

"बाई, कुणाच्या डोक्यात कोसळण्याआधी आपणच उतरवू."

"सगळं न्या. पाठ तेवढी ठेवा."

"नुसती पाठ उभी कशी राहील हो?"

ती संध्याकाळी दिराला म्हणाली, "भावोजी, आता होडी पुरे करा."

"वहिनी, तुम्ही चुना भिजवा. बाकी माझं मी बघतो."

भिंत उतरली, तरी तो होडी घेऊन गेला. परतायच्या वेळी ती उघड्या जोत्यावर पांढरी चादर ताणून उभी राहिली. वारा तिला चादरीसकट कधी इकडे ओढी, कधी तिकडे. होडी सुळक्याशी आली, मागे फिरली, पुन्हा आली. मग लाकूड फुटल्याचा आवाज झाला.

तो रांगत वाळूवर आला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "वहिनी, भिंत हलत होती."

होडी आता अंगणात पालथी आहे. शेजारी भिजवलेल्या चुन्याचं पिंप. वरचं पाणी आटलं की चुन्याचा दगड होतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ती पाणी घालत नाही.