सड्यावरची शर्यत

मंडळी, आत्ताच घरी पोचलोय, पण मन अजून जयगडच्या रस्त्यावर आहे.

शेजारच्या अब्बासचाचांनी जन्मभर ट्रक चालवला. आज रत्नागिरीत त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. येताना गाडी मी चालवत होतो; त्यांच्या एका डोळ्याला पट्टी, दुसरा मिटलेला, तरी एकेक वळण बरोबर सांगत होते.

सड्यावर, त्या उघड्या कातळ-पठारावर, रस्ता सरळ झाला.

"इथं मी नि सदू रिकामे ट्रक पळवायचो. हरेल त्यानं भरदिवसा दिवे लावून गावापर्यंत मागून यायचं."

सदूकाका जाऊन बरीच वर्षं झाली.

"बघ रे, मागं दिवे लावलेत काय त्यानं?"

आरशात नुसता मोकळा रस्ता.

"लावलेत, चाचा."

त्यांनी खिडकीबाहेर हात काढून मागच्याला पुढे जायची खूण केली. "हळू घे. आज त्याला जिंकू दे."

मी गाडी बाजूला घेतली. तुम्ही घेतली नसती?