निकाल सोडणारा माणूस

माजलगावजवळच्या आमच्या गावात शाळेचे गुण संगणकावर भरणारा एक कारकून आहे. एका बोटानं टाइप करतो, प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणतो आणि निकाल पालकांच्या मोबाइलवर सोडण्याआधी एकेका मुलाला बोलावून त्याचे गुण त्यालाच स्क्रीनवर वाचायला लावतो. “बरुबर हाय का? मग हो म्हण.” मूल हो म्हणेपर्यंत हा पुढं सरकत नाही.

नववीच्या निकालाच्या दिवशी मीही त्याच्याकडं गेलतो. लेकाचे गणितातले तेहतीसचे पस्तीस होतील का, एवढंच विचारायचं होतं. रस्ताभर त्या एका वाक्याची तालीम केली होती. ते तोंडातून निघणार, तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष आत आले.

“माझ्या नातवाला चार गुण वाढव. पहिला येतो.”

“आन् पहिली आलेली पोरगी कुटं ठिवू, साहेब? सकाळी तुमच्या नातवानंच गुण वाचून हो म्हणलंय.”

“तुझी नोकरी माझ्या सहीवर हाय.”

“नोकरी हाय. निकाल न्हाई.”

आणि त्यांच्यासमोरच त्यानं बटण दाबलं. व्हरांड्यात पालकांचे मोबाइल वाजायला लागले.

“उद्यापासून येऊ नको!” अध्यक्ष तरातरा निघून गेले.

“तुमचं काय काम होतं, काका?” त्यानं मला विचारलं.

“काही नाही, सहज आलतो,” मी म्हणालो आणि चपला शोधू लागलो.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तो खुर्चीत हजर. शिपाई घाबरून म्हणाला, “कशाला आलास रे?”

“आठवीचा निकाल राहिलाय,” तो म्हणाला, आणि त्यानं पहिल्या पोरीला हाक मारली.